घरातला चालणारा अंगठा

माझे बाबा खाडीवरच्या मिठागरात पंचवीस वर्षं मीठ ओढायचे. खाऱ्या पाण्याने त्यांच्या बोटांवरच्या रेषा झिजल्या. रेशनचं मशीन त्यांचा अंगठा घ्यायचंच नाही. मागे रांग खोळंबायची आणि मी, घरातली पहिली ग्रॅज्युएट, सगळ्यांसमोर खेकसायचे, "बाबा, नीट दाब ना." शेवटी माझा अंगठा चालायचा.

मग मला मोठ्या आतड्याचा कॅन्सर निघाला. ऑपरेशननंतर ठाण्याच्या डॉक्टर मॅडमनी समजावलं, आता केमोच्या गोळ्यांच्या आठ सायकल. एक सायकल म्हणजे चौदा दिवस गोळ्या, सात दिवस सुट्टी. सलाईन नाही म्हटल्यावर मला हायसं वाटलं.

तिसऱ्या सायकलला तळहात लाल झाले. चौथ्याला सालं निघायला लागली, चहाचा कप धरवेना. घरी म्हटलं, भांड्यांच्या साबणाने झालंय. मॅडमना सांगितलंच नाही. त्यांनी गोळ्या बंद केल्या आणि कॅन्सर परत आला तर, ही धास्ती. शिकलेल्या बाईची ही अडाणी चूक तुम्ही करू नका.

त्या महिन्यात बाबांबरोबर रेशनला गेले. अंगठा ठेवला, मशीनने घेतला नाही. पुसून ठेवला, दुसरं बोट ठेवलं. नाहीच.

मागून बाबा हळूच म्हणाले, "नीट दाब गो, बाय."

मला आधी हसू आलं, मग रडू. त्यांनी माझा हात उलटा करून पाहिला. "हा साबण नाय. उद्या डॉक्टरीणबाईला दाखव."

दाखवला. याला हँड-फूट सिंड्रोम म्हणतात. गोळ्यांमुळे तळहात-तळपायांची कातडी सोलते, बोटांच्या रेषाही पुसट होतात. मॅडम म्हणाल्या, "थोडे दिवस थांबू, मग डोस कमी करून पुन्हा सुरू करू. अजून लपवलं असतंत, तर मात्र बंदच कराव्या लागल्या असत्या."

त्यांनी दिलेलं मलम रोज संध्याकाळी बाबा लावायचे. पूर्वी ते मिठागरावरून आल्यावर आई त्यांच्या हातांना खोबरेल लावायची तसंच, न चोळता, नुसतं टेकवत. झिजलेली ती बोटं कुठेच टोचत नव्हती. ज्या हातांची मला रांगेत लाज वाटली, त्यांचाच स्पर्श तेवढा सोसायचा.

आठही सायकल पूर्ण झाल्या. स्कॅनमध्ये काही निघालं नाही. माझ्या अंगठ्यावरच्या रेषा परत आल्या, बाबांच्या येणार नाहीत. रेशनला आम्ही दोघं जातो, अंगठा मी देते.