पिठल्यात गेलेलं प्रात्यक्षिक

कांदा हातात आला की मावशी आधी त्याची मुळं उडवायच्या, मग बोलायच्या. "आवं, त्यात काय!" हे त्यांचं ठरलेलं वाक्य. साताऱ्यात आमच्या कॉलेजच्या बोर्डिंगात त्या साठ मुलांचा स्वयंपाक करत. अशी बाई तुमच्याही बोर्डिंगात असेल, तर तुम्ही नशीबवान.

पंचाहत्तरच्या सुमारास मी तिथं जीवशास्त्राचा हंगामी डेमॉन्स्ट्रेटर होतो. परीक्षेला बाहेरचे परीक्षक यायचे होते. मुलांनी कांद्याच्या मुळाचं टोक रंगवून सूक्ष्मदर्शकाखाली पेशींचं विभाजन दाखवायचं. ते फसलं, तर जूनमध्ये मला कोण परत घेतंय? म्हणून चार दिवस आधीच मी पाण्याच्या पेल्यांवर कांदे ठेवले, तेही बोर्डिंगच्या गार ओसरीवर. अक्कल माझी!

आदल्या संध्याकाळी पिठलं झकास झालं होतं. मी दोनदा मागून घेतलं. हात धुवायला ओसरीवर गेलो, तर पेल्यांवर एकही कांदा नाही.

"मावशी, माझे कांदे?"

"मुळं फुटली हुती की मास्तर. वाया गेलं असतं, म्हून घातलं पिठल्यात."

मी त्यांना उद्याच्या परीक्षेचं सांगितलं. सगळं ऐकून मावशींचा चेहरा उतरला, पण क्षणभरच. "मुळंच पायजेत न्हवं? आवं, त्यात काय!" बाळंतपणाला आलेल्या लेकीच्या खिरीसाठी फडक्यात बांधलेले गहू त्यांनी पुढे केले. प्रत्येक दाण्याला पांढरी मुळं! "घ्या. लेकीचं बगीन मी."

परीक्षा छान पार पडली. परीक्षक गेल्यावर मी मावशींना स्टुलावर बसवलं आणि सूक्ष्मदर्शकातून दाखवलं. एका पेशीतले गुणसूत्रांचे धागे मधोमध रांगेत उभे, दुसरीतले दोन बाजूंना निघालेले, तिसरीत मधे भिंत पडून दोन पेशी झालेल्या.

"वाटणी झाली म्हना. कुनाला कमी पडत न्हाई?"

"नाही. आधीच प्रत्येक धागा दुप्पट होतो. तेव्हा बाहेरून काही दिसत नाही, म्हणून पुस्तकात त्या काळाला विश्रांतीची अवस्था म्हणतात."

मावशींनी डोळा वर केला. "इश्रांती? दुप्पट रांधायचं आन् वर इश्रांती म्हनायचं? पुस्तक लिवनारा कवा चुलीपुडं बसलाय का?"

मी हसत सुटलो. खरं सांगतो, इतकं नेमकं मला कुणी शिकवलं नव्हतं.

जूनमध्ये मला परत घेतलं. कंदी पेढ्यांचा पुडा घेऊन मी थेट स्वयंपाकघरात गेलो, तर मावशी नातवाला सांभाळायला लेकीच्या घरी, कडेगावला, कायमच्या गेलेल्या. लय वाईट वाटलं. त्यांच्या जागी आलेले दोन आचारी, भाकऱ्या कमी का पडल्या, यावरून भांडत होते आणि शेवटची पंगत रिकामी ताटं घेऊन बसली होती.

मी पुडा तिथंच उघडला. न मोजताच एकेक पेढा वाटत गेलो, तर शेवटच्या चौघांना अर्धाच आला. मावशी असत्या, तर मला चांगल्याच बोलल्या असत्या.