लीड्सचे अमेरिकाकाका

अमेरिकाकाका आयुष्यात कधी अमेरिकेला गेले नाहीत. लीड्सच्या मराठी मंडळात त्यांना हे नाव कुणी दिलं ठाऊक नाही, पण दिलं ते चिडवायलाच. सकाळी सात वाजता चहाचा मग घेऊन ते किचनच्या खिडकीपाशी उभे राहत, रेडिओवरच्या बातम्या संपेपर्यंत ऐकत, मग रेडिओ बंद करून म्हणत, “पेशंटची रात्र काही बरी गेली नाही.” पेशंट म्हणजे अमेरिका. पहिल्या आठवड्यात मला वाटलं, घरात वरच्या मजल्यावर कुणी आजारी माणूस आहे. वरच्या मजल्यावर फक्त मी राहत होते.

मी नागपूरहून आलेली डॉक्टर. परीक्षा पास, पण नोकरी नाही. अशा डॉक्टरांची तेव्हा इंग्लंडात काही कमतरता नव्हती. सरकारनं ऐन वेळी परदेशी डॉक्टरांच्या नोकरीचे नियम बदलले आणि आम्ही सगळे मध्येच लोंबकळलो. मंडळाच्या गणपतीत काकूंनी माझी चौकशी केली आणि वरची खोली दिली. भाड्याचं विचारलं तर म्हणाल्या, “ह्यांचं ऐकून घे, तेवढं पुरे. मी तीस वर्षं ऐकतेय.” मला वाटलं, बाई विनोद करताहेत. कसला विनोद! रीतसर करार होता तो.

काका स्वतः म्हाताऱ्यांचे डॉक्टर. “आम्ही आलो तेव्हा इथल्या डॉक्टरांना हृदय हवं होतं, मेंदू हवा होता. म्हातारे कुणालाच नको होते, ते आमच्या वाट्याला आले,” असं ते सांगत, पण त्यात तक्रार नसे. म्हाताऱ्यांवर त्यांचा जीव होता. रिटायर झाल्यावर हाताशी कुणी उरलं नाही, तेव्हा त्यांनी हा एक मोठा पेशंट घेतला. किचनच्या दारामागे खिळ्याला चक्क हॉस्पिटलातला क्लिपबोर्ड होता. त्यावरच्या कागदावर तीन रकाने: रक्त, डोकं, श्वास. रक्त म्हणजे पैसा, डोकं म्हणजे राजकारण, श्वास म्हणजे हवापाणी. दर रविवारी राउंड. मी आणि काकू क्लिपबोर्डासमोर उभ्या, काका वाचताहेत: “रक्त पातळ. डोकं, दिशेचं भान नाही. श्वास, चालताना धाप.” मग माझ्याकडे वळून, “बोला डॉक्टर, तुमचं मत?”

“पेशंटला कुणी विचारलं का काका?”

“पेशंट म्हणतो, मी ठणठणीत आहे. हेच तर लक्षण. म्हातारा घरात पडला ना, की पडलो म्हणत नाही. जरा खाली बसलो होतो म्हणतो.”

काकू तोवर कांदा चिरायला गेलेल्या असत.

या सगळ्या काळजीचं खरं नाव मुग्धा होतं, आणि ते मंडळातल्या प्रत्येकाला माहीत होतं. मुग्धा ही त्यांची एकुलती एक. जन्मली, वाढली लीड्सला, लग्न करून गेली ॲरिझोनात, फिनिक्सजवळ. तिच्या लग्नाच्या रिसेप्शनला काका माइकपाशी उभे राहिले आणि सगळ्या व्याह्यांसमोर अमेरिकेची प्रकृती या विषयावर पंधरा मिनिटं बोलले. कर्जावर घेतलेली घरं, वाळवंटातली हिरवळ, निवडणुका, काही सोडलं नाही. व्याही मंडळी टाळ्या वाजवाव्यात की नाही अशा चेहऱ्यानं बसून होती. मुग्धानं त्या रात्री बापाला सांगून टाकलं, “बाबा, मी इकडे फक्त भेटायला येणार. राहायला कधीच नाही येणार.” शब्दाची पक्की पोरगी. बापावरच गेली होती.

तिनं तिथे मोठं घर घेतलं. मागे स्विमिंग पूल, पुढे लॉन. त्या दिवसापासून काका लीड्समध्ये पाणी वाचवू लागले. दात घासताना नळ बंद, भांडी विसळताना धार करंगळीएवढी. बाहेर पावसानं नुसता वैताग आणलेला, आणि हे पत्र्याखाली बादली लावताहेत. मी एकदा म्हटलं, “काका, इथं वाचवलेलं पाणी ॲरिझोनाला पोचणार कसं?” तर म्हणाले, “नाही पोचणार. पण आपली मुलगी वाळवंटात पोहते, याची लाज वाटते गं.” कप्पाळ!

काकू दरवर्षी दोन महिने लेकीकडे जाऊन येत. काका जात नसत. दर रविवारी फोन मात्र होई, आणि त्यात मुग्धा कशी आहे हे विचारायच्या आधी कर्जाचा दर कायम आहे की बदलता, हे विचारलं जाई. मुग्धाचं मराठी म्हणजे लिंग-वचनाचा नुसता गोंधळ. “बाबा, तुमचा काळजी बास झाली.” “तुमची काळजी,” काका दुरुस्त करत, आणि पुढचा प्रश्न विचारत.

मग ते वर्ष आलं आणि काकांनी सांगितलेलं सगळं खरं झालं. बँका बुडाल्या, घरांचे भाव पडले, तिकडचे पुढारी टीव्हीवर एकमेकांकडे बोट दाखवू लागले. मंडळाच्या दिवाळी फराळाला लोक येऊन काकांचं अभिनंदन करत होते. खरंच सांगते, अभिनंदन! “काका, मानलं तुम्हाला,” “काका, आता पुढे काय होणार सांगा.” एकानं तर हातात हात घेऊन जोरजोरात हलवला. काका चकलीला हात न लावता घरी आले. गाडीत काकूंना एवढंच म्हणाले, “जावयाचं काम बांधकामाचं आहे ना?”

जावयाचं काम तोवर गेलेलं होतं. हे काकूंना माहीत होतं, मला माहीत होतं, काकांना माहीत नव्हतं. मुग्धानं आईला शपथ घातली होती. शेजारचं घर रिकामं पडलंय, ते विकलं जावं म्हणून बँकेनं त्याच्या वाळक्या लॉनला चक्क हिरवा रंग मारलाय, आमच्याही घराला जप्तीची नोटीस आली आहे, असं सगळं ती आईला सांगे. “इकडे निघून या,” काकू म्हणत. “घर गेलं तर जाऊ दे आई, पण बाबांचा लेक्चर मला नाही सहन होणार,” मुग्धा म्हणे. काकू हे सांगताना माझ्यासमोर रडल्या. मग डोळे पुसून म्हणाल्या, “हिरव्या रंगाचं कळलं असतं ना, तर ह्यांनी वेगळा रकाना काढला असता.”

एका रविवारी फोन लाउंजमध्ये स्पीकरवर होता. मुग्धा सगळं कसं छान चाललंय ते सांगत होती. काका मध्येच म्हणाले, “मुग्धा, जरा टाळी वाजव.”

“काय?”

“अगं वाजव एकदा.”

तिनं वाजवली. ती टाळी आमच्या लाउंजमध्ये दोनदा ऐकू आली. “ठीक. लाइन बघत होतो,” असं म्हणून काकांनी फोन काकूंकडे दिला आणि पावसात बागेत जाऊन उभे राहिले. चाळीस वर्षं लोकांच्या छातीवर बोटं ठोकून आतलं ओळखणारा माणूस तो. आत आले तेव्हा चष्मा पुसत म्हणाले, “सोफा गेलाय. गालिचाही गेला असावा. भिंतींवर काही नाही. तुम्हा दोघींना माहीत होतं.”

नाही कसं म्हणणार?

“मी बरोबर होतो म्हणून ती येत नाही,” काका म्हणाले. “माझं चुकलं असतं तर हक्कानं आली असती.” आणि खुर्चीत बसून राहिले. त्या घरात बातम्यांवर इतके वाद झाले, पण काकांना असं हरलेलं मी पाहिलं नव्हतं. मला बघवेना. मी आपली तोंडाला येईल ते बोलून गेले, “मग चुका ना आता!”

दुसऱ्या दिवशी दारामागचा क्लिपबोर्ड नव्हता.

पुढच्या रविवारी मुग्धानं स्वतःच सांगितलं. आवाज बसलेला होता. “बाबा, घर आता आमची नाहीये. तुम्ही म्हणाला होता ना, तसंच झालं.”

‘आमची’ काकांनी दुरुस्त केलं नाही. म्हणाले, “मी? मी काय म्हणालो होतो?”

“रिसेप्शनला, बाबा. तुमचा तो मोठा भाषण.”

“मी भाषण केलं? बरं झालं का?”

काकूंच्या हातातली सुई थांबली. “बाबा, आर यू ओके?” मुग्धानं विचारलं. मग अगदी हळू, लहान मुलाला विचारावं तसं: “बाबा, अमेरिकेचा प्रेसिडेंट कोण आहे?”

तिकडे नुकतीच निवडणूक होऊन नवा माणूस आला होता. कुठल्या राज्यात किती मतं पडली हे काकांना पाढ्यासारखं पाठ होतं. काकांनी माझ्याकडे पाहिलं, काकूंकडे पाहिलं, आणि फोनमध्ये म्हणाले, “नाव अगदी ओठांवर आहे गं. तू ये आणि सांग.”

अकराव्या दिवशी मुग्धा दोन बॅगा घेऊन दारात उभी. भेटायला नाही, राहायला. जावई आवराआवर करून महिनाभरानं आला. बाबांना सांभाळायला हवं, या एका वाक्यात सगळं बसलं, कुणाला मान खाली घालावी लागली नाही.

मुग्धा दर रविवारी काकांची परीक्षा घेई. आज वार कोणता, वीसपासून उलटे आकडे, असे दहा प्रश्न. हेच प्रश्न काकांनी नोकरीत हजारो म्हाताऱ्यांना विचारलेले. काका दर वेळी दहापैकी सात मार्क मिळवत, ना कमी ना जास्त. मी एकदा बागेतल्या शेडमध्ये गाठलं त्यांना. मी लपवून आणून दिलेला पेपर तिथं बसून वाचत होते. “सातच का हो?” म्हटलं. “सहा झाले तर मेमरी क्लिनिकला नेईल,” काका म्हणाले. “आठ झाले तर परत जाईल.” आणि पेपर उलटला. घरात मात्र अमेरिकेचा अ त्यांच्या तोंडून निघत नसे. मंडळातही मुग्धानं सगळ्यांना बजावून ठेवलं होतं, बाबांसमोर तो विषय नको, त्यांना आठवत नाही, मग वाईट वाटतं. लोकांनी ऐकलं. ज्या माणसाला बोलायला दुसरा विषय नव्हता, तो खिचडी कशी झालीय यावर बोलायला शिकला.

त्या वसंतात मला बेसिंगस्टोकला नोकरी लागली. निघायच्या दिवशी टॅक्सी दारात, काकू डब्यात लाडू भरताहेत, मुग्धा माझी बॅग घेऊन काकांच्या शेजारी उभी. दोन वर्षं त्या माणसाच्या हातचा चहा प्यायले होते. मी वाकून नमस्कार केला. काकांनी माझ्याकडे पाहिलं, मग शेजारी मुग्धाकडे पाहिलं.

“आपण कोण?” मला म्हणाले.

“मी वरच्या खोलीतली, काका.”

“असं का? खोली गरम असते ना? जाल तिथं हीटर आधी बघून घ्या हं.”

मी भोकाड पसरलं. सगळं नाटक आहे, कशासाठी आहे, कुणी सुचवलं, सगळं माहीत असून मला रडू आवरेना. मुग्धा माझ्या पाठीवर हात फिरवत राहिली. काकूंनी डब्यातून डोकं वर काढलं नाही.

त्यानंतर आमची भेट झाली नाही. फोनवर काकू बोलत, मुग्धा बोले. दीड वर्षानं काका हार्ट अटॅकनं गेले, खुर्चीत बसल्या बसल्या. मुग्धाचा फोन आला. खूप वेळ आम्ही दोघी नुसत्याच रडलो. ठेवता ठेवता ती म्हणाली, “मला एकच वाईट वाटतो. जाताना बाबांनी तुला ओळखला नाही.”

“असू दे गं,” मी म्हटलं. “आजारच तसा होता.”