म्हशीची निरगाठ

मला सुरगाठ मारता येत नव्हती, आणि येत नाही हे सांगताही येत नव्हतं. पहिली उणीव एखाद्या दुपारी भरून निघाली असती. दुसरीपायी मी एक गाभण म्हैस आणि माझी सासू, दोघींना मरणाच्या दारात नेऊन उभं केलं. तेव्हा मी अठरा वर्षांची होते. स्वतःला फार हुशार समजत असे, कारण माहेरी भिसेगावात आमच्या आळीत सातवी पास झालेली मी एकटीच मुलगी. सातवीच्या पुस्तकात गाठी नव्हत्या.

शेपूट ओढलं की सुटते ती सुरगाठ. ओढलं की आणखी आवळते ती निरगाठ. माझ्या हातून कायम दुसरीच बसायची. परकराची नाडी मी रात्री बांधली की सकाळी कात्री लागे. लग्न झालं तेव्हा आईने ट्रंकेत साड्यांच्या आधी कात्री ठेवली होती.

सासर चौक गावाच्या आत, हमरस्त्यापासून अर्ध्या तासाच्या वाटेवर. भाताची शेती, कौलारू घर, मागे वीसेक पावलांवर गवती छपराचा गोठा. आमचे हे खोपोलीला कारखान्यात, पाळीपाळीने ड्यूटी, घरी यायचे शनिवारचे. घरात सासू, सासरे आणि मी. सासूला आमच्याकडे आत्याबाई म्हणायचं, सासऱ्यांना मामंजी. मामंजी गुडघ्यांनी अधू झालेले. ओटीवर बसून ते सगळ्यांच्या कामावर शेरे मारत, त्यामुळे त्यांना घडीची फुरसत नसे.

लग्नानंतर महिन्याभराने आत्याबाईंनी मला म्हशीला बांधायची सुरगाठ दाखवली. दाखवली म्हणजे काय, हात असे भराभर फिरले आणि गाठ तयार. "कळलं?" "कळलं." संध्याकाळी मी तसेच हात फिरवले; ना सुरगाठ बसली ना निरगाठ. दुसऱ्या सकाळी म्हैस शेजाऱ्यांच्या वालाच्या शेतात उभी. शेजारीण कमरेवर हात ठेवून आमच्या अंगणात. मामंजी ओटीवरून म्हणाले, "सूनबायनं गाठ नाय मारली गं, म्हशीच्या रजेच्या अर्जावर सही केली."

शेजारीण हसली, आत्याबाई हसल्या, मीही हसले आणि न्हाणीत जाऊन रडले. त्या दिवसापासून मी म्हशीच्या दाव्याला निरगाठ मारू लागले. एकीवर एक अशा तीन. वर उरलेलं टोक सुरगाठीसारखं दुमडून ठेवायची, लांबून बघणाऱ्याला शंका नको. सोडायच्या वेळी आजूबाजूला कुणी नाही असं बघून विळ्याच्या टोकाने उकलत बसायची. एवढ्या खटपटीत मी शंभर सुरगाठी शिकले असते.

दिवाळी होऊन गेली होती. भात कापून भारे खळ्यावर रचलेले, झोडणी बाकी. म्हशीचे दिवस भरत आले होते, तिला चरायला सोडत नव्हतो. पाणी पाजणं, बांधणं माझ्याकडे.

त्या दिवशी सकाळपासून वाराच नव्हता. चुलीचा धूर कौलांतून बाहेर पडायचा आणि वर न जाता अंगणात उतरून बसायचा. कार्तिकात घाम फुटत होता. अधूनमधून भुरभुर पाऊस येई, ऐन सुगीत, आणि थांबे. म्हशीपुढे पेंढा टाकला तर तिने तोंड लावलं नाही. रवंथही करत नव्हती. नुसती घाटाकडे तोंड करून उभी होती आणि दाव्याला हिसके देत होती. मी घाबरून तीनावर चौथी निरगाठ मारली.

आत्याबाई मीठ आणायला चौकला गेल्या होत्या. मिठाशिवायच आल्या, आणि चालत नव्हे, जवळजवळ धावत.

"गॅरेजवाल्याचा रेडिओ बोलतोय, दर्यात मोठं वादळ हाय. आज किनाऱ्याला लागायचं."

"दर्या कुठं, आपण कुठं?" मामंजी म्हणाले. "वादळ काय यष्टीनं येणार हाय चौकला?"

 आत्याबाई इरशाळच्या डोंगराकडे बघत होत्या. मीही बघितलं. एरवी या दिवसांत धुरकट दिसणारा सुळका त्या दिवशी हात लावावा इतका जवळ आला होता. त्याच्या भेगासुद्धा मोजता आल्या असत्या.

"असा जवळ आला का मला नाय बरं वाटत," त्या म्हणाल्या आणि पदर खोचला.

मग दुपारपर्यंत आम्ही पाठ टेकली नाही. भारे ताडपत्रीने झाकून वर लाकडं टाकली. बियाण्याचं भात माळ्यावर चढवलं. पाणी भरून ठेवलं, भाकऱ्या थापून ठेवल्या, चुलीतले निखारे राखेत पुरले. बैलजोडी ओटीवर घेतली. मामंजींनी बैलांना जागा करून देताना कुरकुर केली, "या पाहुण्यांचे पाय तरी धुतलेत का?" म्हशीला मात्र ओटीच्या तीन उंच पायऱ्या जमण्यासारख्या नव्हत्या. त्या पोटाने चढणार तरी कशी? तिला गोठ्यातच ठेवायचं ठरलं.

घराच्या आढ्यावरून आत्याबाईंनी काथ्याचे दोर टाकले. दोन्ही बाजूंना दगड बांधायचे होते.

"ह्या छपराच्या गाठी निरगाठी. सुटता नये. म्हशीला सुरगाठ, ती सुटाय पायजे. उलटं करशील नायतर."

मी दगडांना गाठी मारल्या. आत्याबाईंनी एकेक ओढून बघितली. हलेनात.

"गाठ बेस बसते गं तुझी," त्या म्हणाल्या.

लग्नाला नऊ महिने झाले होते, आणि सासूच्या तोंडून ऐकलेलं ते पहिलं कौतुक. मी इतकी फुगले की आणखी दोन दगड मागितले.

मग त्या म्हणाल्या, "आता गोठ्यात जा. म्हशीच्या सुरगाठीच्या शेपटाला ही लांब दोरी जोड. तिचं टोक मागच्या दाराच्या कडीला आणून बांध. छप्पर बसायला लागलं तर हितनंच ओढायचं. गाठ सुटली का जनावर आपली वाट आपण काढतं. तवा बाहेर पडायची पाळी नाय यायला पायजे."

मी दोरी घेऊन गेले. दावं घायपाताचं, भुरभुर पावसात भिजून फुगलेलं. सकाळपासून हिसके खाऊन चारही गाठींचा एक गोळा झाला होता, लिंबाएवढा, लाकडासारखा कठीण. विळ्याचं टोक आत जाईना. नखं मोडली. दातांनी ओढून बघितलं. दावं कापायचं एवढंच उरलं होतं. पण ते आत्याबाईंनी त्याच आठवड्यात स्वतः वळलेलं नवं दावं. कापलं की सांगावं लागणार, आणि आत्ताच तर माझी गाठ बेस ठरली होती.

मी लांब दोरी त्या गोळ्यालाच बांधली. हो, निरगाठीने. दुसरं टोक दाराच्या कडीला आणून अडकवलं.

"मारली सुरगाठ?"

"मारली."

तीन वाजून गेले असतील, अंगणातला धूर एकदम उठला आणि पश्चिमेकडे पळाला. मग आवाज आला. वारा अजून पोचला नव्हता, पण आवाज आला, बोरघाटातून शंभर ट्रक एकदम ब्रेक तुटून उतरावेत तसा. आत्याबाईंनी दारं लावून अडसर घातले. मामंजींना आम्ही दोघींनी उचलून माळ्याखाली आणलं. 

वारा घराला येऊन धडकला तेव्हा भिंतीतून माती सांडली. मग कौलं जाऊ लागली. आधी एक, मग थांबून एक, मग कुणी पत्ते उचलावेत तशी ओळीच्या ओळ. जिथून कौल जाई तिथून पाणी आडवं आत येई. ओटीवर बैल दाराला शिंगं घासत होते. आम्ही तिघं भाताच्या कणगीला पाठ लावून बसलो, आणि मागच्या दाराच्या फटीतून आत आलेली दोरी आमच्यासमोर कडीला बांधलेली.

गोठ्यातून म्हैस ओरडली.

"ओरडतेय तोवर बरं हाय," आत्याबाई म्हणाल्या. "सुरगाठ हाय ना. छप्पर करकरलं का ओढते."

मी दोरीकडे बघत होते. भिजून ती काळी पडली होती. मधेच ताठ व्हायची, मधेच ढिली पडायची. पलीकडून म्हैस मला हाका मारत असल्यासारखी. तेव्हा सांगता आलं असतं. वारा एकदा दम खायला थांबला, तेव्हाही आलं असतं. मी मनात वाक्य जुळवत होते: आत्याबाई, मला वाटतं गाठ जरा घट्ट बसली असावी. 'जरा' ठेवावं की काढावं यावर मी विचार करत होते. छप्पर उडत होतं आणि मी शब्द निवडत होते!

गोठ्याचं पहिलं लाकूड मोडलं ते आम्हाला घरात ऐकू आलं. आत्याबाई उठल्या, कडीची दोरी सोडून हाताला गुंडाळली आणि ओढली. दोरी ताठ झाली, पुढे काही नाही. पाय भिंतीला लावून पुन्हा ओढली. पलीकडे म्हैस घशातून ओरडली. त्या ओढत होत्या तसतशी माझी गाठ आणखी आवळत होती, हे त्या घरात मला एकटीला माहीत होतं.

"कुठंतरी अडकलीय," त्या म्हणाल्या आणि अडसर काढायला वाकल्या. हातात काही नाही. एका हिसक्याला सुटणारी गाठ सोडायला निघाल्या होत्या त्या, कोयता कशाला घेतील?

"आत्याबाई, निरगाठ आहे!"

"काय बोललीस?"

"निरगाठ आहे. चार आहेत. मला सुरगाठ येत नाही."

त्यांनी माझ्याकडे बघितलं. डोळ्यांची एक उघडझाप, तेवढंच. शिवी दिली असती तर मला बरं वाटलं असतं. त्यांनी खुंटीवरचा कोयता घेतला आणि दार उघडून गेल्या.

मी मागे धावले. शूरपणाने नव्हे. माळ्याखाली मामंजी माझ्याकडे बघत होते, त्यापेक्षा वादळ सोपं वाटलं.

वीस पावलांत तीनदा पडले. गोठ्याचं छप्पर एका बाजूने खाली आलं होतं. म्हैस गुडघ्यांवर, मान दाव्याने खांबाशी ओढलेली, डोळे पांढरे. आत्याबाई कोयता उगारताहेत तोच वरचा वासा सुटला आणि त्यांच्या उजव्या खांद्यावर बसला. त्या चिखलात पडल्या. कोयता माझ्या पायाशी आला.

मी उचलला आणि गाठीवर घाव घालू लागले. एक, दोन, तीन. कोयता त्या गोळ्यावरून घसरायचा. खालून आत्याबाई ओरडल्या, "गाठीवर नको गं येडे, दाव्यावर मार, दाव्यावर!"

खरंच की. दावं हातभर लांब होतं आणि मी नेमकी तिथेच मारत होते जिथे तुटणार नाही. दाव्यावर दोन घाव घातले, तुटलं. म्हैस उठली ती आम्हा दोघींना लोळवूनच बाहेर गेली. मी आत्याबाईंना काखेत धरून ओढलं, चिखलातून, दाराच्या दिशेने. मागे वळून बघितलं तेव्हा गोठा नव्हता. नुसतं गवताचं ओझं जमिनीवर पसरलेलं, आणि वारा ते उचलून नेत होता.

पुढे वाऱ्याने तोंड फिरवलं, खालून, दर्याकडून आला, आणि दिवस बुडायच्या सुमाराला कमी झाला. आत्याबाई खांदा धरून भिंतीला टेकल्या होत्या. कण्हत नव्हत्या. एकदाच म्हणाल्या, "कुठं गेली असंल गं ती?"  रात्रभर कुणाला झोप नाही.

सकाळी म्हैस सापडली. शेजाऱ्यांच्या वालाच्या शेतात. कोंभ चिखलात झोपले होते, ते ती शांतपणे खात होती, गळ्यात वीतभर तुटकं दावं. पंधरा दिवसांनी व्याली, रेडी झाली, धडधाकट. आत्याबाईंचा हात मात्र पुन्हा खांद्याच्या वर गेला नाही. त्यांचा अंबाडा पुढची बावीस वर्षं मी घातला.

पण त्या सकाळचं सांगायचं राहिलं. मामंजी काठी टेकत, कित्येक महिन्यांनी, घरामागे आले. घराची अर्धी कौलं गेली होती. दोरांचे दगड तेवढे जागच्या जागी लोंबत होते. गोठा सपाट. मधला एक खांब उभा, आणि त्या खांबावर माझी गाठ, जशीच्या तशी, लांब दोरीसकट. सगळं गाव हललं, ती हलली नव्हती.

मामंजींनी काठीने ती टोचली. "ही गाठ कुणाची?"

मी खाली वाकून चिखलातलं एक फुटकं कौल उचललं.

"माझी," आत्याबाई म्हणाल्या.

"तुझी? निरगाठ? म्हशीला?"

"घाईत बसली. माणूस चुकतं."

मामंजी त्यांच्याकडे बघत राहिले, मग माझ्याकडे. काल माळ्याखाली त्यांनी सगळं ऐकलं होतं. "बरं," ते म्हणाले आणि परत फिरले. त्यांनी शेरा मारला नाही असा तो माझ्या आठवणीतला एकच प्रसंग.

ते गेल्यावर मी रडायला लागले, अगदी भोकाड पसरून. आत्याबाईंचा हात जुन्या लुगड्याच्या झोळीत, खांद्यावर हळदीचा लेप. पडलेल्या वाशावर बसत त्या म्हणाल्या, "तुझे परकर वाळत असतात, त्यांच्या नाड्या कातरलेल्या बघितल्या, तवाच मला कळाय पायजे होतं. आता रडू नको. नाडी घेऊन ये, आन बस हितं."