मार खाणाऱ्याचा आवाज

आमच्या स्टुडिओत त्याला सगळे ‘आईगं’ म्हणतात. खरं नाव हजेरीपुरतं. मी रेकॉर्डिस्ट. काचेच्या अलीकडे बसते, बटणं दाबते आणि लोकांवर डाफरते. काचेच्या पलीकडे माईकसमोर तो. आम्ही एका जपानी बॉक्सिंग ॲनिमेचं, म्हणजे कार्टून मालिकेचं, डबिंग करतो. टायरच्या दुकानात काम करणारा एक भित्रा पोरगा बॉक्सर होतो, अशी गोष्ट. त्या पोराचा आवाज कॉलेजातली एक मुलगी देते. आणि तो पोरगा ज्यांना ज्यांना लोळवतो, ते सगळे आपले आईगं. जाडा आईगं, बारका आईगं, टकला आईगं. आवाज बदलून बदलून बिचारा दर भागात मार खातो.

हे नाव पडलं पहिल्याच भागात. पोटात ठोसा बसतो तिथे कागदावर नुसतं ‘कण्हणे’ असं लिहिलेलं. ह्यानं मनापासून ‘आई गं!’ केलं. डायरेक्टर हसून हसून खुर्चीवरून घसरायचा बाकी होता. पण ठेवलं तेच, कारण खरं वाटत होतं.

आमच्याकडे संवाद आधी घेतात आणि मार, म्हणजे कण्हणं-ओरडणं, शेवटी. आधी मार खाल्ला तर घसा बसतो, मग बोलणं खरखरीत येतं. बाकीचे लोक मार खातात तेव्हा वाटतं, चहाचा चटका बसलाय. हा तसा नाही. हनुवटी छातीला टेकवायचा, डोळे पडद्यावर ठेवायचा आणि पडद्यावर ठोसा आला की स्वतःच्या पोटावर मूठ हाणायचा. बऱ्यापैकी जोरात. मी हेडफोनमधून ओरडायचे, “अरे मेल्या, पैसे आवाजाचे मिळतात, आतड्यांचे नाही!” त्यावर तो खो खो हसायचा. तेव्हा हसायचा.

मग त्याची बायको गेली. ताप आला म्हणून हॉस्पिटलात नेलं आणि तिथून ती घरी आलीच नाही. धडधाकट बाई. दुसरीतली एक लेक मागे ठेवून गेली. लेकीला तिची मावशी, म्हणजे ह्याची मोठी मेव्हणी, आपल्या घरी घेऊन गेली. जाताना ह्याला म्हणाली, “तुम्ही जरा सावरा. बरे झालात की न्या तिला.” तिचं काही चुकलं नाही. हा तेव्हा दारातली दुधाची पिशवीसुद्धा आत घेत नव्हता.

कामावर आला तेव्हा मला धास्ती होती की हा आता माईकसमोर रडणार. छे! मार अगदी पहिल्यासारखा खाल्ला. तसाच श्वास, तसंच कण्हणं. बिघडलं होतं ते साधं बोलणं. ‘मी तुला सोडणार नाही’ हे वाक्य तो ‘पुढचं स्टेशन अमुक’ अशा सुरात म्हणायला लागला. रागाचं वाक्य तसंच, प्रेमाचं वाक्य तसंच.

एकदा जेवणाच्या सुट्टीत मी विचारलं, “पोरीला कधी आणतोस?”

“बरा झालो की आणतो, ताई.”

“म्हणजे नेमकं काय झालं की?”

त्यानं डब्यातली भाजी चिवडली. मग म्हणाला, “दाढ काढताना गाल बधिर करतात ना, तसं झालंय. चावलं तरी कळत नाही. अशा माणसाकडे पोर कसं ठेवायचं? ती रडली आणि मला काहीच वाटलं नाही तर?”

मी माझ्या डब्यातली एक पोळी त्याच्या डब्यात टाकली.

त्याच्या घरी मी एकदा डोकावले होते. घर स्वच्छ होतं, हीच तर भीती. ओटा कोरडा, गादी दुमडलेली, फ्रीज रिकामा आणि बंद, त्याचं दार उघडं राहावं म्हणून मध्ये चमचा अडकवलेला. लेकीची खोली झाडलेली होती. त्या घरात माणूस राहत नव्हता, नुसता झोपायला येत होता. लेकीला फोन करतोस का विचारलं तर म्हणाला, “करतो. पण बोलायला काही सुचत नाही. मग ठेवून देतो.”

मग आला पत्रेवाल्याचा भाग. ह्या ॲनिमेची एक गोष्ट मला पहिल्यापासून आवडते. हरणाऱ्याचीही पूर्ण हकीकत सांगतात. हा एक चाळिशीचा बॉक्सर, दिवसा छपरांचे पत्रे बसवणारा. आयुष्यात एकही मॅच जिंकलेली नाही. त्याला माहीत आहे की आजही हरणार. तरी सकाळी उठून हातांना पट्ट्या बांधतो, घरच्यांना ‘येतो’ म्हणतो आणि रिंगमध्ये जातो. मार बसतो, पडतो, पुन्हा उभा राहतो. का उभा राहतो ते कुणी सांगत नाही. ते बघताना माझ्या डोळ्यांत पाणी आलं, आणि मी काही लगेच रडणारी बाई नाही.

आईगंनं त्या माणसाचे संवाद म्हटले आणि डायरेक्टरनं कपाळावर हात मारला. पुन्हा घेतले. पुन्हा तेच. शेवटी डायरेक्टर मला हळूच म्हणाला, “ह्याच्यात जीवच नाही हो. दुसरा माणूस बोलावतो.” नाटकातला एक भारदस्त आवाजाचा गडी आला आणि सगळे संवाद दणक्यात करून गेला. पण मार काही त्याला जमेना. तेच ते, चहाचा चटका. तेव्हा डायरेक्टरनं तोडगा काढला. बोलणं नाटकवाल्याचं ठेवायचं, मार आईगंचा.

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. म्हटलं, “तोंड एकाचं आणि दुखणं दुसऱ्याचं? काही लाज?” पण आईगं नुसतं “चालेल” म्हणाला, आत गेला आणि एका दमात सगळा मार खाऊन बाहेर आला. शर्ट नीट केला, पाणी प्यायला. मला राग त्याचाच आला.

तो भाग टीव्हीवर लागला त्याच्या दुसऱ्या दिवसाची गोष्ट. आम्ही पुढच्या भागाला बसलो होतो. आत मोबाईल नेऊ देत नाही मी, सगळ्यांचे फोन माझ्या टेबलावर. आईगंचा फोन थरथरायला लागला. मेव्हणीचं नाव दिसलं. एरवी मी उचलत नाही, पण थांबेचना.

मेव्हणी नव्हती. लेक होती. मी म्हटलं, “बाबा आत आहे गं, मी काचेमागची ताई.” तिला माहीत होते मी. ती म्हणाली, “मावशी अंघोळीला गेलीय. म्हणून फोन केला.”

“काय झालं?”

“काल बाबा बोलत नव्हता. बोलत दुसराच होता. बाबाला फक्त लागत होतं.”

ती पुढे म्हणाली, “मी दर वेळी ऐकते ना. आई आणि मी ओळखायचो, ह्यातला बाबा कुठला. आता मी एकटी ओळखते. तो बोलायचापण बंद झाला का?”

मला ते ऐकवेना. मी फोन तसाच चालू ठेवून आत गेले, दार ढकललं, माईकसमोरून त्याला बाजूला ओढलं आणि लेक जे बोलली ते शब्दाला शब्द त्याला सांगितलं. मग फोन त्याच्या हातात कोंबला. त्यानं कानाला लावला. मग म्हणाला, “येतो मी.” आणि ठेवला.

मी विचारलं, “वाटलं का रे काही?”

“नाही,” तो म्हणाला. “पण जायला पाहिजे.”

चपला घालून निघालासुद्धा. डायरेक्टर काचेमागून हातवारे करत होता, भर दुपारी स्टुडिओचं भाडं चालू होतं. मी म्हटलं, करू दे हातवारे, आणि माझी स्कूटर काढली. खरं सांगते, ॲनिमेत माणूस उठला की मागे संगीत वाजतं. इथे सिग्नलला मागचा ट्रक हॉर्न मारत होता आणि हा माझ्या मागे पोत्यासारखा बसला होता.

मेव्हणीचं घर दुसऱ्या मजल्यावर. दार तिनंच उघडलं, केस ओले, डोक्याला टॉवेल. मागून लेक आली आणि भिंतीला टेकून उभी राहिली. आईगंनं तोंड उघडलं. काही बाहेर येईना. नुसता लेकीकडे बघत उभा. मेव्हणी माझ्याकडे बघायला लागली. तेव्हा माझ्या लक्षात आलं. आमच्याकडे वाक्याच्या आधी हेडफोनमध्ये पीप पीप पीप असं वाजतं, त्यानंतर बोलायचं. वर्षानुवर्षं ही सवय. हा वेडा पीपची वाट बघत होता! मला हसू आलं. मी जिन्यातूनच तोंडानं म्हटलं, “पीप, पीप, पीप.”

तो दचकला. आणि बोलला, त्याच स्टेशनच्या सुरात. “मी तुला घरी न्यायला आलोय.”

लेकीनं विचारलं, “बरा झालास?”

मेव्हणी घाईनं म्हणाली, “हो गं राणी, बरा झालाय बाबा.”

त्यानं मान हलवली. “नाही झालो. मला अजून काहीच वाटत नाही. आत्तासुद्धा नाही. तरी आलोय.”

“अहो, पोरीसमोर काय बोलताय हे!” मेव्हणी भडकली.

लेक त्याच्याकडे बघत होती. घाबरलेली नव्हती. भिंत सोडून पुढे आली आणि त्याच्या शर्टाचं टोक धरलं.

“मला पण काहीच वाटत नाही,” ती म्हणाली. “कधीपासून. मावशीला वाईट वाटेल म्हणून मी रोज हसते.”

मेव्हणीनं डोक्याचा टॉवेल काढून हातात घेतला. मग आत गेली आणि कपाट उघडून लेकीचे कपडे पिशवीत भरायला लागली.