उपाध्यक्षांचे अधिकार

आमच्या लाखनीत एका आंतरराष्ट्रीय सेवासंस्थेची शाखा होती. तिचे उपाध्यक्ष हायवेवरच्या आपल्या टायरच्या दुकानात बसत. सदऱ्यावर परदेशी बिल्ला, हातभर काळं ग्रीस. काहीही मागा, उत्तर एकच: “मी त उप हाओ ना बाप्पा! कार्यक्रमाला अध्यक्ष हजर नसले तरच माझं चालते.”

त्या उन्हाळ्यात संस्थेनं ढिवरांच्या टोलीत, म्हणजे कोळ्यांच्या वस्तीत, हातपंप बसवला आणि अध्यक्षांच्या हातून उद्घाटन व्हायचं म्हणून दांड्याला कुलूप घातलं. बाया तलावातलं गढूळ पाणीच भरत राहिल्या. मी संतापून पत्रक काढलं: ‘बिल्लेवाल्यांनो, शरम करा!’ उपाध्यक्षांनी ते मन लावून वाचलं. “शरम चांगली लिवली. अक्षर जरा मोठं पायजे होतं.”

अखेर उद्घाटनाला नागपूरहून अध्यक्ष आले. उपाध्यक्षांनी त्यांना आधी आपल्या घरी जेवायला नेलं. पाटवडीचा रस्सा, वर आमरस. नको म्हटलं की आणखी एक वाटी. अध्यक्ष बैठकीच्या खोलीतच घोरू लागले. तसे उपाध्यक्ष सायकल हाणत टोलीत आले आणि त्यांनी कुलूप काढलं.

“अध्यक्ष कुठं आहेत?” पंपाशी वाट पाहत उभा असलेला मी खेकसलो.

“गैरहजर,” ते गंभीरपणे म्हणाले आणि दांडा दाबू लागले. “आता काहून पाहून राहिला? घागर धर!”