कुंपणाआडचं निळं फूल

बाईच्या हट्टापुढे भलेभले हात टेकत. कुरणाची राखण तिच्याकडे होती, आणि त्या कुरणात बोटभर उंचीचं एक निळं फूल उगवायचं, जे आता दुसरीकडे कुठेच उरलं नव्हतं. त्याच्यावर तिचा पोटच्या पोरासारखा जीव. एकदा गुरांच्या खुरांखाली चुरडलेली रोपं पाहून तिचं डोकंच फिरलं. वनखात्याच्या साहेबांच्या मागे लागून तिने कुंपण घालून घेतलं आणि गुरं बाहेर हाकलली. गुरं कोणाची, तर सख्ख्या थोरल्या भावाची.

"मग गवत कोण खाणार, तू?" एवढं बोलून दादा निघून गेला. तेव्हापासून दोघांत अबोला.

पहिल्या वर्षी फुलं बरी आली. बाई मिरवली. मग गवत माजलं. कमरेला लागलं, वाळून तिथेच आडवं झालं, त्यावर पुन्हा नवं चढलं. खालच्या रोपांना उजेड मिळेना. यंदा मोसम आला आणि फूल औषधालाही सापडेना. चोर सोडून संन्याशाला फाशी दिली होती तिने; चोर तिचं कुंपणच निघालं.

रांगत रांगत तिने गवत फाकवून पाहिलं. मरायला टेकलेली चार फिकट पानं दिसली. तिथेच बसून ती ढसाढसा रडली. मग मानापमान गुंडाळून ठेवून दादाच्या दारात गेली.

"दादा, गुरं सोड कुरणात. पाया पडते तुझ्या."

दादा दोर वळत बसला होता. मान वर न करता म्हणाला, "कुठली गुरं? चारायला जागा नव्हती. विकली सगळी."

येताना रिकामा गोठा तिला दिसला होता, पण तिने पाहून न पाहिल्यासारखं केलं होतं. दादाने दोर खाली टाकला, आत जाऊन दोन विळे आणले आणि एक तिच्या हातात दिला.

"चल. रडून गवत कमी होत नाही."

दिवसभर दोघं वाकून कापत राहिली. मोकळी झालेली जागा जेमतेम अंगणाएवढी. बाकीचं कुरण नजर पोचेल तिथवर पसरलेलं. हे आपल्या दोघांच्या हातून होणं नाही, हे तिला कळत होतं. हाताला फोड आले तरी ती थांबेना.

पाणी प्यायला टेकल्यावर दादाने घाम पुसला. "जन्मभर इथे गुरं चारली, पण खाली कधी नीट बघितलं नाही," तो म्हणाला. "दाखव तरी गं, कसं असतं ते फूल."

बाई कापलेल्या जागेवर नजर फिरवत राहिली. दाखवायला एकही नव्हतं.