दाजींना माग कळत होता का?

दाजी गेल्याचं कळवायला मी धाकट्या भावाला फोन केला, तर तो म्हणाला, "थांब, आक्काला विचारतो." घरातली प्रत्येक बातमी फोडणी घालून सांगायची माझी खोड पन्नाशी उलटली तरी गेलेली नाही, त्याचं हे फळ. मेहुण्याच्या मरणाची बातमीसुद्धा माझ्या तोंडून कुणाला खरी वाटेना... त्याला आता दीड महिना झाला. आणि गंमत बघा, दाजींबद्दल खरं काय ते सांगा, असं परवा एकानं नेमकं मलाच विचारलं.

दाजी, म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे, आक्काचे यजमान, मोहोळच्या पुढं एका जिल्हा परिषदेच्या शाळेत मास्तर होते. शाळेपासून हाकेच्या अंतरावर पारध्यांची वस्ती. तिथली पोरं हजेरीपटावर असत, वर्गात नसत. दाजी सकाळी वस्तीवर जाऊन त्यांना घेऊन येत. पोरं दोन दिवस बसत, तिसऱ्या दिवशी पत्ता नाही. गावातली काही मंडळी त्यांच्याकडं कशा नजरेनं बघत, ते पोरांनाही कळत होतंच. शेवटी दाजींनी शनिवारचा पहिला तास त्या पोरांनाच देऊन टाकला. शिकवायचं पोरांनी, शिकायचं मास्तरांनी. विषय होता माग. ओढ्याच्या वाळूत उमटलेले ठसे बघून रात्रीतून कोण येऊन गेलं ते ओळखायचं.

मी एकदा मुद्दाम बघायला गेलो होतो. दाजी पँट दुमडून उकिडवे बसलेले, भोवती पोरांचं कडं.

"ससा," दाजी म्हणाले.

"ससा कुटला सर, मुंगूस हाय की! किती डाव सांगायचं?" हा लखन, तिसरीतला.

"चुकलं बाबा. शिक्षा काय?"

"पाच उठाबशा. आन् सोमवारी परत इचारणार!"

दाजींनी मोजून पाच काढल्या. सोमवारी सरांची परीक्षा घ्यायला पोरं हजर. सोमवारी सर पुन्हा चुकत, म्हणून पोरं मंगळवारी येत. असं करत आठवडा भरायचा, आणि मधल्या वेळात पाढे-बाराखडीही उरकायची. येताना मोटारसायकलवर मी विचारलं, "दाजी, खरंच ओळखता येत नाही, का सोंग?" मागून आवाज आला, "पाव्हणं, पुढं खड्डा हाय. बघून चालवा."

तो लखन परवा रविवारी सकाळी आक्काकडं आला, तेव्हा मी तिथंच होतो. आता डी.एड.च्या शेवटच्या वर्षाला आहे, थोड्याच दिवसांत स्वतः मास्तर होईल. मला म्हणाला, "मामा, सर मुद्दाम चुकत हुते का?"

एरवी मला थाप सुचायला वेळ लागत नाही... तेवढ्यात लखनच पुढं म्हणाला,

"न्हाय, माझे दोस्त म्हणत्यात, येड्या, तुला खेळवलं सरांनी. पर मामा, मला तवर कुणी कायच इचारलं न्हवतं. पयल्यांदा सरांनी इचारलं. तेच नाटक असलं, तर मग मला काय येत हुतं?"

मंद्रूपच्या शेतकऱ्याच्या पोटी जन्मलेल्या माणसाला ससा आणि मुंगूस कळू नये? पण लग्नकार्यातून दुसऱ्याच्या चपला घालून घरी येणारे दाजीही हेच...

"मला माहीत नाही रे," मी म्हणालो. एवढं छोटं वाक्य मी आयुष्यात क्वचितच बोललो असेन.

आक्का उठली. "या इकडं दोघं." तिनं आम्हाला परसात नेलं. न्हाणीमागं बारीक वाळूचा एक वाफा होता, त्यात काहीच पेरलेलं नव्हतं. "रोज संध्याकाळी फळीनं सपाट करायचे आन् सकाळी तोंड न धुता हितं येऊन बसायचे. मी म्हणायची, मेथी तरी लावा की. इतकी वर्षं लावू दिली न्हाय बघ."

"म्हंजे सर घरी अभ्यास करत हुते?" लखनचा चेहरा एकदम उजळला.

अभ्यास बरोबर उत्तरासाठी, की उद्या खपेल अशी चूक शोधण्यासाठी? मला अजूनही उलगडत नाही. लखन मात्र केव्हाच खाली बसला होता. दाजी नव्हते, तरी वाळू आदल्या संध्याकाळीच सपाट केलेली दिसत होती. आक्का पदर सावरत त्याच्या शेजारी टेकली.

"हे मांजर. मला तेवढंच येतं," ती म्हणाली. "आन् हे रे?"

"घूस हाय, बाई. शेपटी घासलीया बघा हितं."

"व्हय की! उद्या येशील?"

"सातच्या आत येतो. पर तुमी झाडलोट करू नका. ऊन चढायच्या आत बघाय लागतंय."

"बरं सर," आक्का म्हणाली.